उल्केला दिलेले तीन भोंगे

आकाशातून उल्का पडत होती आणि मी तिच्यासाठी कारखान्याचा आगीचा भोंगा वाजवला.

ही गोष्ट आजवर ज्यांना ज्यांना सांगितली, त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला, की मग ती विझली का? विझली. मी भोंग्याच्या खटक्यापर्यंत पोचायच्या आतच विझली होती. म्हणजे निदान विझवल्याचं श्रेय तरी पदरात पडावं, तर तेही नाही.

पन्नासच्या दशकातली गोष्ट आहे. पिंपरी-चिंचवडला तेव्हा कोणी शहर म्हणत नसे. म्हटलं असतं तर घरच्यांनी त्याला हवापालटासाठी कुठेतरी धाडलं असतं. ज्वारीची रानं, बाभळी, मधूनच एखादी नवी पत्र्याची शेड आणि तिच्या फाटकावर 'नोकर भरती बंद' अशी पाटी. अशाच एका कारखान्यात उसाचे चरक आणि विहिरीवरच्या इंजिनांचे भाग ओतले जायचे. मी तिथे टाइम ऑफिसात कारकून होतो. नगर जिल्ह्यातून मॅट्रिकचं सर्टिफिकेट आणि एक वळकटी घेऊन आलेला, वय बावीस, नोकरी हंगामी. आई दर पत्रात पाऊसपाण्याच्याही आधी 'कायम झालास का' असं विचारायची. साहेब म्हणाले होते, जानेवारीत बघू. डिसेंबर चालू होता.

कामगार मला भाऊसाहेब म्हणायचे. त्यात माझं कर्तृत्व काही नव्हतं. खुर्चीवर बसलेल्या कुणालाही ते भाऊसाहेबच म्हणत. माझं काम दोन प्रकारचं. एक, कामगारांचे पितळी बिल्ले फळीवर टांगणं आणि कोण उशिरा आला ते लिहिणं. दुसरं, भोंगा. भोंग्याचा खटका माझ्या टेबलामागच्या भिंतीवर होता आणि त्याला हात लावण्याचा अधिकार त्या वेळच्या ड्यूटीवरच्या कारकुनाला. पाळी सुरू व्हायला एक लांब भोंगा, सुटायला एक लांब भोंगा. आजूबाजूच्या गावांतल्या बाया माझ्या भोंग्यावर चुली पेटवायच्या, शाळामास्तर मधली सुट्टी द्यायचे. त्या चार गावांत घड्याळ नव्हतं, मी होतो. बाविसाव्या वर्षी एवढी सत्ता माणसाला झेपत नाही.

तीन आखूड भोंगे म्हणजे आग. ते कधीच वाजले नव्हते. पण त्याबद्दलची सूचना मराठीत लिहून ठिकठिकाणी लावायचं काम साहेबांनी माझ्यावर सोपवलं होतं, आणि मी ते मन लावून केलं होतं. इंग्रजीत दोन ओळी होत्या. मी त्याच्या सात केल्या. त्यात 'हातातले काम जेथे असेल तेथेच, क्षणाचाही विलंब न लावता, टाकून' असं एक वाक्य होतं. ते मला इतकं आवडलं होतं, की ओतशाळेतल्या पाटीवर मी त्याच्याखाली तांबडी रेघ मारली.

ओतशाळेचे मिस्त्री चाकणकडचे. त्यांच्या घरी आजोबांपासून भांड्यांना कल्हई करायचा धंदा. हे स्वतः पुण्याच्या एका कारखान्यात वाळू चाळत चाळत ओतकाम शिकले. पन्नाशीचे, बारीक, दाढी मेंदीने रंगवलेली, आणि बोलणं असं की प्रत्येक शब्दाचे पगारातून पैसे कापले जातात. त्या डिसेंबरात त्यांच्यापुढे एक मोठं काम होतं. इंजिनाचं पुरुषभर उंचीचं चाक. एवढं मोठं चाक आमच्याकडे कधी ओतलं नव्हतं. साहेबांच्या मनात मुंबईहून माणूस आणायचा होता. मिस्त्री त्यांच्या केबिनमध्ये जाऊन म्हणाले होते, मी ओततो, नाही जमलं तर त्या माणसाच्या हाताखाली हेल्पर म्हणून उभा राहीन. साहेबांनी हे मनावर घेतलं. साहेब लोक अशा गोष्टी फार मनावर घेतात.

आठ दिवस मिस्त्री वाळूच्या त्या साच्याशी बसून होते. दोन वेळा साचा मनासारखा झाला नाही म्हणून मोडला. मी एकदा बघायला गेलो, तर त्यांनी मला समजावून सांगितलं. माझ्या माहितीत ते त्यांचं सर्वांत लांब भाषण. "भाऊसाहेब, लोखंडाचा रस एका दमात जायला पायजे. पहिली लेडल, म्हंजी रसाची बादली, संपते ना संपते तवर दुसरी लागली पायजे. मध्ये थांबलं की आधीच्या रसावर साय धरती, मग नवा रस जुन्याला चिकटत न्हाई. वरनं चाक दिसतं, आतनं दोन तुकडं आसत्यात." मी मान डोलावली आणि उगाचच 'उत्तम' म्हणालो.

चाक ओतायचा दिवस ठरला. संध्याकाळी सात-साडेसातला भट्टी फोडायची, म्हणजे तिचं तोंड उघडून रस काढायचा. दुसऱ्या पाळीला टाइम ऑफिसात मी एकटा. सगळा कारखाना ओतशाळेकडे कान लावून होता, आणि मी कारखान्याचा आधारस्तंभ या नात्याने टाइम ऑफिसच्या मागे सिगारेट ओढायला गेलो. सिगारेट ओढायला मी त्याच महिन्यात शिकत होतो. कायम झालो की लागेल, असा हिशोब.

काडी ओढली आणि उजेड पडला. क्षणभर मला वाटलं, काडीचाच. मग माझी सावली समोरच्या भिंतीवर पडली आणि भिंतीवरून सरकायला लागली. वर बघितलं तर पूर्वेकडून एक हिरवट पांढरा गोळा येत होता. येत होता म्हणजे घाईत नव्हता. वरातीत घोडा चालतो तसा आरामात, मागे ठिणग्यांचं शेपूट सोडत. आवाज काही नाही. चिंचेच्या झाडाचं पान न् पान दिसलं, कोळशाचा ढीग दिसला, ढिगावर झोपलेलं कुत्रं उठून माझ्याकडे बघताना दिसलं. चंद्राने आयुष्यात कधी एवढा उजेड दिला नसेल.

शाळेत भूगोलात उल्का हा धडा होता. मला त्यात सहा मार्क होते. पण प्रसंग आला की सहा मार्क कुठे उपयोगी पडतात? माझ्या डोक्यात आलं ते असं: जवळच लष्कराचं दारूगोळ्याचं कोठार आहे, तिथला एखादा गोळा सुटला आहे, आणि तो आमच्या कोळशाच्या ढिगावर पडणार आहे. आमच्याच का? कारण मी तिथे उभा होतो. उल्का बघणाऱ्या प्रत्येकाला ती आपल्याच परसात पडते आहे असं वाटतं, हे मला फार पुढे एका मास्तरांनी सांगितलं. तेव्हा सांगितलं असतं तर एक चाक वाचलं असतं.

मी धावलो. टेबलाला मांडी आपटली. खटका दाबला, सोडला, दाबला, सोडला, दाबला. तीन आखूड. त्यातही मला बारीकसा आनंद झाला, की नियमाप्रमाणे बरोबर तीनच दिले.

आता हे माझं कारकुनी मराठी किती प्रभावी होतं ते बघा. ओतशाळेत पहिली लेडल साच्यात रिकामी होत आली होती. दुसरी चार जण दांडीवर धरून घेऊन निघाले होते, साचा दहा पावलांवर होता. भोंगा झाला. त्या चौघांनी हातातलं काम जिथे होतं तिथेच, क्षणाचाही विलंब न लावता, खाली ठेवलं आणि मैदानात पळाले. माझ्या सूचनेचं इतकं तंतोतंत पालन पुढे कुठल्याही कारखान्यात मी पाहिलं नाही. मिस्त्री एकटे मागे राहिले. त्यांनी एकट्याने दांडी उचलून पाहिली म्हणतात. लाल रसाने भरलेली चार माणसांची लेडल, एका बारीक माणसाकडून ती काय हलणार.

मैदानात दीडशे माणसं वाळूच्या बादल्या घेऊन उभी, आणि आग कुठेच नाही. वर आकाशात चांदण्या, नेहमीच्याच. आगीचा गोळा येतो आहे म्हणून मी सगळ्यांना बाहेर काढलं होतं, ते गोळा गेल्यावर. एवढ्यात लांबून, पश्चिमेकडून, गडगड आली. रिकामी बैलगाडी लाकडी पुलावरून जावी तशी. मला हायसं वाटलं, की बघा, काहीतरी झालं आहे. लोकांनी ती गडगड रेल्वेच्या खात्यात टाकली.

फाटकावरचा पहारेकरी निवृत्त शिपाई होता, ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढून आलेला. त्याला मी आशेने विचारलं, तुम्ही तर बघितला ना? तो म्हणाला, उजेड बघितला. पुढे? पुढे काय, वरून उजेड आला की जमिनीवर पालथं पडायचं आणि डोकं झाकायचं, असं आम्हाला शिकवलं आहे. माझ्या कानांवर हात होते भाऊसाहेब, आणि तोंड मातीत.

एक साक्षीदार होता, तोही शिस्तीचा निघाला.

रजिस्टरमध्ये भोंग्याचं कारण लिहावं लागायचं. मी टाक बुडवला आणि बसून राहिलो. 'आकाशातून गोळा येताना दिसला' असं लिहून बघायचा विचार केला. जानेवारीत साहेब माझ्या नावापुढे सही करायला बसले आहेत आणि हे पान उघडलं आहे, असं चित्र डोळ्यांपुढे आलं. मग माझ्या हाताने, अत्यंत वळणदार अक्षरात, लिहिलं: 'ओतशाळेच्या बाजूस ज्वाळा दिसल्यावरून.' तसं ते खोटं नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं. ओतशाळेत ज्वाळा असतातच.

माणसांनी परत येऊन दुसरी लेडल ओतली, तोवर पहिल्या रसावर साय धरली होती. दुसऱ्या दिवशी साचा फोडला. चाकाच्या अंगावर काळी रेघ होती. मिस्त्रींनी हातोडीचा एक ठोका दिला, चाकाचे दोन तुकडे झाले. नंतर साहेबांनी रजिस्टर मागवलं, वाचलं, आणि निष्कर्ष काढला: मिस्त्रींनी रस सांडला, त्याच्या ज्वाळा उठल्या, म्हणून भोंगा झाला, म्हणून चाक गेलं. माझ्या एका ओळीत सगळं नीट बसलं. चौकशी तीन दिवसांनी ठेवली. मुंबईला पत्रही गेलं. ते पत्र मीच लिहिलं, कारण अक्षर माझं चांगलं होतं.

मला खरं सांगायचं होतं. फक्त मला ते साक्षीपुराव्यानिशी सांगायचं होतं, म्हणजे मिस्त्रीही सुटतील आणि मीही वेडा ठरणार नाही. म्हणून तासावर सायकल भाड्याने घेऊन, दुसरी पाळी लागायच्या आत, मी साक्षीदार गोळा करत हिंडलो. सोबत कारखान्याचा छापील कागद, शाईची गादी आणि स्वतः तयार केलेला मजकूर: 'मी खाली अंगठा करणार लिहून देतो की'.

पहिला गेलो चिखलीला. खळ्यावर एक म्हातारबाबा बसले होते. त्यांनी गोळा शेंडीपासून शेपटापर्यंत बघितला होता. "ह्यो आसा आला, आन् ह्यो आसा गेला. थेरगावात पडला," ते म्हणाले. मी कागद पुढे केला. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले. बोलायला रात्रभर बोलतो म्हणाले, अंगठा न्हाई. गेल्या साली असाच एक टोपीवाला कागद घेऊन आला होता, नुसतं माहिती म्हणून. आता पलीकडच्या रानात कारखान्याची भिंत उभी आहे. मी टोपी काढली. त्याने काही फरक पडला नाही.

थेरगावात नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांनीही बघितला होता. इथे कुठे पडला विचारल्यावर त्या हसायला लागल्या. एक म्हणाली, "आमच्यात न्हाई पडला बा. माणात पडला आसंल. तिकडं काय बी पडतं." अंगठ्याचं नाव काढल्यावर त्यांनी मला नवऱ्यांकडे पाठवलं, आणि नवऱ्यांनी माणला.

माणला पोचलो तेव्हा सायकलची साखळी तीनदा पडली होती. देवळाच्या ओट्यावर चार-पाच जण होते. मी विचारलं, गोळा इथे पडला का? सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं.

"इथं कशाला पडतोय," एक जण म्हणाला. "तुमच्याच कंपनीत पडला न्हवं? दूधवाला सांगत हुता. पडला म्हनूनच तर भोंगा वाजला."

"भोंगा वाजवणाऱ्यानं सोत्ता बघितला म्हनं," दुसऱ्याने पुस्ती जोडली. "त्येचाच अंगठा घ्या की."

मी त्यांचा निरोप घेतला. तीन गावं मिळून पन्नास माणसांनी ती उल्का पाहिली होती, आणि त्या सगळ्यांचा भरवशाचा पुरावा म्हणजे मी.

चौकशीच्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये तिघेच: साहेब, मिस्त्री आणि नोंदी लिहायला मी. अक्षर. मिस्त्री टेबलासमोर उभे होते, टोपी हातात. साहेबांनी विचारलं, रस सांडला होता का? मिस्त्री म्हणाले, नाही. मी लिहिलं: 'नाही म्हणतात.' ज्वाळा कसल्या होत्या? मिस्त्री म्हणाले, भट्टीच्या, रोज असतात त्या. मी लिहिलं. मग काम अर्धवट का सोडलं? मिस्त्री म्हणाले, मी नाही सोडलं, माणसं गेली, भाऊसाहेबांच्या पाटीवर तसंच लिहिलं आहे. आणि त्यांनी माझ्याकडे नाही, भिंतीकडे पाहिलं. त्यांना माझ्या रजिस्टरमधली ओळ ठाऊक होती की नाही, मला आजही माहीत नाही. पण ते भिंतीकडे बघणं मला अजून आठवतं.

साहेबांनी सुस्कारा सोडला आणि सांगायला लागले: लिहा. मिस्त्रींच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाल्याचे दिसते. सबब, त्यांना हेल्परच्या जागी.

'सबब'पर्यंत मी लिहिलं. पुढे टाक चालेना. शाई होती, कागद होता, हात तेवढा गेला नाही.

मी म्हणालो, "साहेब, ओतशाळेत काही झालं नव्हतं. मी आकाशात बघितलं आणि भोंगा वाजवला."

मग मी सगळं सांगितलं. सिगारेटसुद्धा सांगितली. ती सांगायची गरज नव्हती, पण एकदा बांध फुटल्यावर माणूस काय काय वाहून देतो. हिरवा गोळा, ठिणग्या, कोळशाचा ढीग, कुत्रं. मला वाटलं, आता साहेब वैद्यकीय रजेचा अर्ज पुढे करतील.

"पूर्वेकडून पश्चिमेकडे?" साहेबांनी विचारलं. "साडेसातच्या सुमाराला?"

"हो."

"मी पाहिली ती. पुण्याहून येत होतो, ड्रायव्हरने गाडीच थांबवली. मी बायकोला म्हटलं, उल्का आहे, नीट बघून घे, पुन्हा दिसायची नाही." त्यांनी रजिस्टर माझ्याकडे वळवलं. "तुम्ही हे त्याच रात्री का नाही लिहिलं?"

मी म्हणालो, कुणाचा विश्वास बसला नसता. हे वाक्य तीन दिवस मला फार सयुक्तिक वाटत होतं. त्या केबिनमध्ये, प्रत्यक्ष उल्का पाहिलेल्या माणसासमोर उच्चारल्यावर त्याची चव गेली. चिखली, थेरगाव, माण, तीन दिवसांचं सायकलभाडं, आणि साक्षीदार माझ्या टेबलापासून वीस पावलांवर, पंख्याखाली बसलेला. मी त्याला नुसतं विचारायचं होतं. पण साहेबांना प्रश्न विचारण्याची कारकुनांत तेव्हा पद्धत नव्हती, आणि खरं बोलण्याची माझ्यात.

साहेब चिडले, पण पद्धतशीरपणे. मिस्त्रींवरचा ठपका तिथल्या तिथे काढला. ते खोडायचं काम मलाच दिलं. माझं जानेवारीचं प्रकरण पुढच्या जानेवारीवर गेलं. आईला कळवलं, की कंपनी मोठी आहे, अशा गोष्टींना वेळ लागतो. भोंग्याच्या खटक्यावर लाकडी पेटी बसली, तिला कुलूप, आणि किल्ली पहारेकऱ्याकडे, जो उजेड दिसला की पालथा पडतो. तरीही सगळ्यांना माझ्यापेक्षा तो जास्त भरवशाचा वाटला. ओतशाळेतली पाटी मी स्वतः जाऊन उतरवली. खिळ्याचं भोक तेवढं राहिलं.

हे सगळं ठरल्यावर साहेब मिस्त्रींकडे वळले. म्हणाले, मुंबईचं पत्र मी परत बोलावतो. चाक तुम्हीच ओता. साचा नव्याने करायला किती दिवस लागतील?

मिस्त्रींनी विचार केला. आठ दिवस, म्हणाले.

"तुम्हाला काय पाहिजे ते सांगा," साहेब म्हणाले. "माणसं वाढवून पाहिजेत? कोळसा चांगला पाहिजे?"

मी एव्हाना टाक पुन्हा उचलला होता, त्यांची मागणी लिहून घ्यायला. मिस्त्रींनी टोपी डोक्यावर घातली. त्या तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तापलेल्या साच्याकडे बघतात तसं, हात न लावता.

"माणसं हायेत तेवढी बास. कोळसा बी हाय तो चालंल," ते म्हणाले. "फकस्त वतायच्या दिवशी ह्यांना सुट्टी द्या साहेब. ह्यांचा पगार बुडत आसंल तर माझ्यातनं कापा."